गुलबक्षीचा धडा

मोठ्या बाईंना पहिल्यांदा राग आला तो 'संकर' या शब्दाचा. मी सहावीच्या वर्गात फळ्यावर तो लिहिला होता आणि त्या नेमक्या व्हरांड्यातून चालल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं. म्हणाल्या, हा शब्द मुलींच्या शाळेत नको, पालक काय म्हणतील. मी म्हटलं, दोन जातींच्या फुलांपासून एक बी धरणं याला शास्त्रात हाच शब्द आहे. त्यावर त्या म्हणाल्या, फुलांना जाती असतात हेही वर्गात बोलू नका. शेवटी मी 'मिलाफ' लिहायचं कबूल केलं. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं जे झालं त्यानं हसू गेलं ते गेलंच, आणि आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले तरी राग तसाच आहे.

मी पुण्याला कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकले. वडील गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. मग शिक्षिकेची परीक्षा दिली आणि सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेत लागले. शाळा खाजगी मंडळाची, पेठेतल्या एका जुन्या वखारीत भरायची. मागं एक परडं होतं आणि त्याला मातीची भिंत. मिलचा भोंगा झाला की आमची घंटा व्हायची. वर्गात अर्ध्या मुली घरी मराठी बोलायच्या, काही जणी कानडी, आणि विणकरांच्या मुली तेलुगू. शाळेत सगळ्या मराठीच बोलायच्या, पण भांडताना ज्या त्या आपल्या भाषेत जायच्या.

निसर्गपाठाला आठवड्यातून दोन तास होते. पुस्तकात झाडाची मुळं, खोड, पानं एवढंच. मला कॉलेजातला एक तास राहून राहून आठवायचा. आमच्या प्राध्यापकांनी युरोपातल्या एका मठातल्या साधूची गोष्ट सांगितली होती. त्यानं मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे लावले, उंच झाडाचा बुटक्याशी संबंध जोडला, आणि आई-बापांचे गुण लेकरांत कसे उतरतात याचा हिशेब मांडला. मला वाटलं, हे या मुलींना का कळू नये? पुस्तकातून सांगितलं तर पाठ करतील आणि विसरतील. हातानं करून बघितलं तर राहील.

सोलापुरात वाटाणा कुठला? पण गुलबक्षी कुणाच्याही परड्यात उगवते. लाल गुलबक्षी आमच्या भिंतीलगत होतीच. पांढरी होटगीच्या एका रेल्वे क्वार्टरच्या दारात मी पाहिली होती. तिथल्या बाईंनी काळ्या मिरीसारख्या बिया रुमालात बांधून दिल्या. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही त्या लावल्या, आणि लाल आणि पांढरी दोन्ही फुलायला लागल्यावर खरा धडा सुरू झाला.

गुलबक्षी उमलते संध्याकाळी. म्हणून मधल्या सुट्टीत मुलींनी लाल झाडाची मिटलेली कळी हलकेच उघडायची, आतले पिवळ्या टोकांचे केसर चिमट्यानं काढून टाकायचे आणि कळीवर मलमलची छोटी पिशवी बांधायची, म्हणजे दुसरा पराग आत शिरायला नको. शाळा सुटताना पांढरं फूल उमललेलं असायचं. त्याचा पराग घेऊन पिशवीतल्या फुलाच्या मधल्या दांडीला लावायचा आणि पिशवी परत बांधायची. सांगायला सोपं आहे. कळी फाटायची, दांडी मोडायची, मुली रडकुंडीला यायच्या.

वर्गात एक मुलगी होती, तिच्या हातून कळी फाटत नसे. ती सेटलमेंटमधून यायची. ज्यांना सोलापूरची आठवण नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारनं कायदा करून काही जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. माणसानं काही केलेलं असो वा नसो, त्या जातीत जन्मला की नाव नोंदलं जायचं, सबंध कुटुंबाला तारेच्या कुंपणाआतल्या वस्तीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, राहावं लागायचं, सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यावी लागायची आणि बाहेर जायला पास लागायचा. त्यातली पुष्कळ माणसं दिवसभर मिलमध्ये राबायची आणि रात्री तारेआत परतायची. तिथं चौथीपर्यंत शाळा होती. ही मुलगी चौथीत पहिली आली म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला आमच्याकडं पाठवलं होतं. पासवर अट होती की शाळेची तिच्या वागणुकीबद्दल तक्रार येता कामा नये.

ती फार बोलायची नाही. शेवटच्या ओळीत, पेठेतल्या एका सराफाच्या मुलीशेजारी बसायची. सराफाच्या घरी कानडी चालायचं, आणि ती मुलगी तिला वस्तूंची कानडी नावं शिकवायची. तिला चार भाषा येतात हे मला फार उशिरा कळलं.

थंडीत नव्या बियांची रोपं फुलली. एकही लाल नाही, एकही पांढरं नाही, सगळी गुलाबी. मुली परड्यात नाचल्या. मी त्यांना म्हटलं, आता या गुलाबीच्या बिया लावू आणि काय होतं ते बघू. त्या बियांची रोपं उन्हाळ्याच्या तोंडाला फुलली तेव्हा लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही फुलं एकाच वाफ्यात उभी होती. सेटलमेंटची मुलगी बराच वेळ त्या पांढऱ्या फुलापाशी बसून होती. मग मला विचारलं, "बाई, मधल्या पिढीत पांढरा कुटंच दिसत नव्हता. मग आला कुटनं?"

मी सांगितलं, तो गेलाच नव्हता, गुलाबीच्या आत होता. तिनं मान हलवली. माझ्या सबंध नोकरीत मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

मुली अर्थातच माणसांवर आल्या. माझे डोळे घारे आणि आईचे काळे, असं का? भावाचे केस कुरळे, माझे सरळ, असं का? मी जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि जे ठाऊक नव्हतं ते नाही म्हटलं. आणखी एक गोष्ट मुद्दाम दाखवली. नळाच्या पन्हळीजवळ आलेली गुलबक्षी कमरेएवढी झाली होती आणि मुरमात पडलेलं त्याच बीचं रोप वीतभर राहिलं होतं. रंग बीमधून आला, पण उंची माती आणि पाण्यानं ठरवली. हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. तेवढं एक वाक्य मंडळाच्या लोकांनी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

शाळेच्या मंडळावर एक वकीलसाहेब होते. शहरात त्यांचं वजन होतं, इंग्रजी मासिकं मागवायचे, भाषणं करायचे. आमच्या वाफ्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ते बघायला आले. पाहून खूश झाले. पांढऱ्या फुलाकडं काठी दाखवून म्हणाले, बाई, हे तुम्ही फार मोठं काम केलंत. मोठ्या बाईंनी सगळ्या मुलींना परड्यात उभं केलं आणि वकीलसाहेब बोलायला लागले.

पहिली काही वाक्यं ठीक होती. मग ते म्हणाले की आपले वाडवडील 'खाण तशी माती' म्हणायचे ते आज शास्त्रानं सिद्ध केलं आहे. विद्वानाच्या पोटी विद्वान येतो. चोराच्या रक्तात चोरी असते, ती पिढ्यानुपिढ्या उतरते, वरवर दिसली नाही तरी आत दडून असते, या पांढऱ्या फुलासारखी. म्हणून तर सरकारला गावाबाहेर तारा घालाव्या लागल्या. हे सगळं ती मुलगी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी असताना. त्यांना ती कोण आहे हे ठाऊक नसेल असं मी पुष्कळ दिवस मनाला समजावत होते. त्यांना ठाऊक होतं. मंडळानंच तिला प्रवेश दिला होता.

मी मध्ये बोलले. म्हटलं, साहेब, या फुलांवरून असं निघत नाही. त्यांनी हसून मान डोलावली आणि टाळ्या सुरू झाल्या. ती मुलगी टाळ्या वाजवत होती. सगळ्या वाजवत होत्या म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सराफाच्या मुलीची कानातली कुडी हरवली. मी तेव्हा पाचवीच्या वर्गावर होते. तास संपवून बाहेर आले तर मोठ्या बाईंच्या खोलीशी गर्दी. आत ती सेटलमेंटची मुलगी उभी. तिचं दप्तर जमिनीवर उपडं केलेलं, वेणी सोडलेली, परकराची नाडीसुद्धा शाळेच्या मोलकरणीनं तपासलेली. कुडी सापडली नव्हती. ती रडत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, "बाई, मी न्हाय घेतली."

मी मोठ्या बाईंना विचारलं, हिचीच झडती का? बाकीच्या वर्गाची का नाही?

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच तर शिकवलंत, बाई. रक्तातलं जात नाही म्हणून."

माझा धडा, माझ्या मुलींच्या हातांनी बांधलेल्या त्या मलमलच्या पिशव्या, आणि त्यातून यांनी हे काढलं! मी वाकून तिची पुस्तकं गोळा केली, तिची वेणी तिथंच सगळ्यांसमोर परत घातली आणि तिला घेऊन वर्गात गेले. पण त्याच दुपारी शाळेची तक्रार सेटलमेंटच्या कचेरीत पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून तिचा शाळेचा पास बंद झाला.

त्याच आठवड्यात सराफीणबाई शाळेत आल्या. दुलई उन्हात घालताना कुडी तिच्या घडीत मिळाली म्हणाल्या. पोरीनं रात्री झोपेत काढली असेल. त्यांनी पेढे आणले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, सापडली ना, मग बरं झालं. आणि पेढे वाटायला सांगितले. मी पेढा घेतला नाही. मी म्हटलं, उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर सांगा की त्या मुलीनं चोरी केली नव्हती, आणि तक्रार मागं घ्या. त्या म्हणाल्या, शाळेची अब्रू जाईल. मी विचारलं, आणि तिची? त्या पेढ्याचा पुडा बांधत होत्या.

कुडी घरीच सापडली हे मी माझ्या वर्गाला सांगितलं. सराफाची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मी तिचं नाव घेतलंच नव्हतं, बाई. मोठ्या बाईंनी विचारलं, तुझ्याशेजारी कोण बसतं. मी ते सांगितलं." मग ती बाकावर डोकं ठेवून रडली. मला बोलायचं होतं ते दुसऱ्यांशी.

संध्याकाळी मी वकीलसाहेबांच्या घरी गेले. ते ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. बसा म्हणाले, मी उभीच राहिले. मी सांगितलं की कुडी सापडली आहे, मंडळानं सेटलमेंटला तसं कळवावं, म्हणजे मुलीचा पास परत मिळेल.

ते म्हणाले, "कुडी सापडली, मान्य. पण बाई, आज नाही तर उद्या ती घेणारच. मग आपण तोंडघशी का पडायचं?"

"कशावरून घेणार?"

"तुमच्याच वाफ्यावरून."

मी म्हटलं, "माझ्या वाफ्यातल्या एकाही झाडानं चोरी केली नाही, साहेब. रंग बीमधून येतो, चोरी येत नाही. तुम्ही त्या मुलीच्या डोळ्यांचा रंग सांगितला असतात तर मी ऐकून घेतलं असतं."

ते हसले. मग त्यांनी मला सांगितलं की एवढ्या मोठ्या प्रश्नावर इंग्लंड-अमेरिकेतले विद्वान लिहीत आहेत आणि इंटरपर्यंत शिकलेल्या बाईंनी त्यात पडू नये. मी विचारलं, त्या विद्वानांपैकी कुणी तारेच्या आत जन्मलं आहे का? आणि म्हटलं, मुरमात बी टाकायचं, पाणी तोडायचं, आणि झाड खुजं राहिलं की जात खुजी म्हणायची, हे शास्त्र नव्हे, लबाडी आहे. 'लबाडी' हा शब्द त्यांना लागला. झोपाळा थांबला. नोकरीचा विचार करा, असं म्हणून ते आत गेले.

परत येताना मी इतकी संतापले होते की पेठेतल्या रस्त्यावर मोठ्यानं बोलत चालले होते. लोक वळून बघत होते. बघू दे.

सेटलमेंटचा अधिकारी वाईट माणूस नव्हता, पण कागदाचा माणूस होता. तक्रार शाळेची आहे, ती शाळेनं मागं घ्यावी किंवा ज्यांची वस्तू गेली त्यांनी येऊन सांगावं, म्हणाला. शाळा मागं घेणार नव्हती. मी सराफाच्या घरी गेले. सराफ म्हणाले, बायकांनी त्या वस्तीत जायचं नाही. सराफीणबाई आत स्वयंपाकघरात होत्या. नवरा दुकानात गेल्यावर त्यांनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, टांगा बोलवा. मी आजही त्या बाईंना हात जोडते. कचेरीत अधिकाऱ्यासमोर त्यांचं मराठी अडलं आणि त्या आधी कानडीतच बोलून गेल्या, "नम्म मन्याग सिक्तु." मग सावरून म्हणाल्या, "आमच्याच घरात सापडली. त्या लेकराचं नाव उगीच घेतलं."

पास परत मिळाला. मी धावत शाळेत सांगायला गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, इतके दिवस गैरहजर म्हणून नाव कमी केलं आहे, आणि मंडळानं ठरवलंय की तिथली मुलगी यापुढं घ्यायची नाही. परड्यात माळी गुलबक्षी उपटत होता. त्याला सांगितलं गेलं होतं की तिथं तुळशी लावायच्या आहेत. मी त्याच्या हातातलं एक रोप ओढून घेतलं. तो बिचारा घाबरून बाजूला झाला. त्याच्यावर राग काढून काय होणार होतं?

तोवर मुलीला मिलच्या सूतखात्यात लावलं होतं. मी कुंपणापाशी जाऊन तिच्या आईला भेटले. ती तारेच्या आत, मी बाहेर. मी म्हटलं, रविवारी येऊन शिकवीन, मला परवानगी मिळाली आहे.

ती म्हणाली, "लई झालं शिकणं, बाई. शिकली नसती तर पोरीच्या परकराला हात घालून झडती तरी घेतली नसती कुणी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पुढच्या रविवारी गेले, आई आली नाही, मुलगीही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी परत गेले. आई दारात बसून माझ्याकडं बघत राहिली. मग एका रविवारी तीच मुलीला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, ही घरात बसून पाटीवर फुलं काढती आन् त्याच्या खाली लाल-पांढरा-गुलाबी असं लिवती, तुमीच काय ते बघा.

तिथल्या शाळेच्या पडवीत आम्ही बसायचो. आठवडाभर मिलमध्ये उभं राहून तिचे पाय सुजलेले असायचे आणि केसांत कापसाची तुसं. आनुवंशिकतेचा धडा आम्ही पुन्हा पहिल्यापासून केला. वकीलसाहेबांचं भाषण तिला शब्दन् शब्द पाठ होतं. ती एकेक वाक्य म्हणायची आणि विचारायची, हे खरं का? मी म्हणायची, नाही. का नाही? मग मी कारण सांगायची. ते कारण तिला पटेपर्यंत ती पुढं सरकायची नाही. त्या वकीलसाहेबांनी मला इतकं कधी खोदून विचारलं नाही. आजोबा चोर होते म्हणतात, तर ते कशामुळं, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पण ते बीमध्ये नव्हतं. पोटात भूक असेल, गावानं हाकललं असेल. ती म्हणाली, "आई सांगती, दुष्काळ हुता." आणि मग गणिताचं पुस्तक उघडलं.

मला नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर गवगवा झाला असता. निसर्गपाठाचे तास माझ्याकडून काढून घेतले आणि शिवण दिलं. मी शिवणाच्या तासाला मुलींना सुया ओवता ओवता गुलबक्षीची गोष्ट सांगायची. वर्षानुवर्षं सांगितली. कुणी व्हरांड्यातून गेलं तर आवाज खाली आणायची नाही.

मुलगी बाहेरून फायनलला, म्हणजे सातवीच्या सरकारी परीक्षेला, बसली. पहिल्या खेपेला गणितात गेली, दुसऱ्या खेपेला पास झाली. मी तिला घेऊन नोकरीसाठी शहरातल्या शाळांतून हिंडले. मार्क बघून सगळे बसा म्हणायचे आणि पत्ता ऐकून उभे राहायचे. शेवटी सेटलमेंटच्याच शाळेत तिला बिगरीच्या, म्हणजे सगळ्यांत लहान मुलांच्या, वर्गावर नेमलं.

नेमणूक झाल्यावर मी एकदा तिला भेटायला गेले. ती लुगडं नेसून फळ्याशी उभी होती आणि पोरं तिच्याकडं तोंड वर करून बघत होती. ती चांगली शिकवत होती, माझ्याहून चांगली. तेवढ्यात संध्याकाळच्या हजेरीची घंटा झाली. तिनं खडू ठेवला, हात पुसले आणि पोरांबरोबर बाहेर गेली. अंगणात टेबल मांडलेलं होतं. मोठ्यांची एक रांग, लेकरांची एक. ती मोठ्यांच्या रांगेत उभी राहिली. टेबलामागच्या माणसानं नाव पुकारलं आणि ती म्हणाली, हजर. पोरं बघत होती. ज्या बाईंनी आत्ता त्यांना अक्षरं शिकवली त्यांचीच हजेरी आता घेतली जात होती.

मला बाहेर थांबवलं नाही. मी तारेच्या आत उभी होते, मला कुणी नाव विचारलं नाही. मला काही तरी फेकून मारावंसं वाटलं, पण हातात छत्रीशिवाय काही नव्हतं. हजेरी संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, उशीर झाला, आता निघा. पुढच्या महिन्यात या, पोरांना वजाबाकी आली असंल."

मी स्टेशनपर्यंत चालत आले. टांगेवाले विचारत होते, मी पेठेची वाट पायीच धरली.